जहाज सुटण्याआधीचं ब्रिजटाउन

सकाळी आठच्या सुमारास ब्रिजटाउनच्या धक्क्याला क्रूझचं जहाज लागतं. दोर बांधले जातात, शिडी लागते, बंदरातले अधिकारी कागदपत्रं तपासतात आणि मग ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना उतरण्याची परवानगी मिळते. संध्याकाळी पाच-सहा वाजता हेच जहाज पुढच्या बेटाकडे निघालेलं असतं. उतरण्याची रांग आणि परतीची घाई वजा केली, की हातात जेमतेम सहा-सात तास उरतात. कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर अशी एकेका दिवसाची बेटं आठवडाभरात चार-पाच येतात. त्यातलं बार्बाडोस हे एक. लांबी साधारण ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. नकाशा पाहिला की वाटतं, एवढंसं बेट, एका दिवसात सहज फिरून होईल.

इथेच बहुतेकांचा दिवस हातातून जातो. गुहा, पूर्व किनारा, रमचा कारखाना, कासवांसोबत पोहणं, गावातली खरेदी असं सगळं एका दिवसात कोंबलं, की बेटापेक्षा व्हॅनची खिडकीच जास्त दिसते. खरं तर बार्बाडोसचा साडेतीनशे-चारशे वर्षांचा इतिहास बंदरापासून पायी जाता येईल एवढ्या टापूत दाटीवाटीनं उभा आहे. एका दिवसाच्या पाहुण्यासाठी याहून सोयीचं बेट कॅरिबियनमध्ये क्वचितच सापडेल.

बंदराचा हा दिवस मुळात पर्यटकांसाठी जन्माला आलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीची पांढरी जहाजं केळी आणायला कॅरिबियनमध्ये जात, आणि मालासोबत हौशी प्रवासीही नेत. आजच्या क्रूझची घडी बसली ती डिसेंबर १९६६ मध्ये. टेड ॲरिसन आणि नॉर्वेचे क्नुट क्लोस्टर यांनी मायामीहून ‘सनवर्ड’ हे जहाज नियमित सफरींसाठी सोडलं, आणि मायामी हे या धंद्याचं माहेरघर बनलं. ब्रिजटाउनचं खोल पाण्याचं बंदरही साखरेसाठीच बांधलेलं. १९६१ पूर्वी मोठी जहाजं बाहेर कार्लाइल उपसागरात नांगर टाकत आणि साखरेची पोती, माणसं, सामान लहान पडावांमधून ने-आण करत. नव्या बंदरासाठी समुद्रात भराव घातला गेला आणि किनाऱ्यालगतचं पेलिकन नावाचं छोटं बेट त्या भरावात सामावून गेलं. साखरेसाठी बांधलेल्या त्या धक्क्यांवर आता हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, गर्दीच्या दिवशी चार-पाच प्रवासी जहाजं एकावेळी उभी असतात. बेटाची लोकसंख्या आहे पावणेतीन लाखांच्या घरात.

बेटावर उतरण्याआधी घड्याळ नीट समजून घ्यायला हवं. जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ एकच असेल असं नाही. बार्बाडोसचं घड्याळ वर्षभर ग्रिनिचपेक्षा चार तास मागे असतं. मायामी हिवाळ्यात पाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात चार. मायामीची वेळ न बदलता आलेल्या जहाजावर हिवाळ्यात प्रवाशाचं घड्याळ गावापेक्षा एक तास मागे राहतं. मोबाइल मात्र गावातल्या टॉवरची वेळ आपोआप उचलतो. जहाजावर परतण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळानं सांगितली जाते आणि ती बहुधा सुटण्याआधी अर्धा तास असते. क्रूझ कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. म्हणून लांब जायचं तर सकाळी जावं आणि बंदराच्या जवळचं ठिकाण दुपारसाठी ठेवावं.

आणखी एक नियम माहीत असायलाच हवा. बार्बाडोसमध्ये सैनिकी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे सामान्य माणसानं घालणं कायद्यानं गुन्हा आहे. त्यात लहान मुलांची टोपी आणि पाठीवरची पिशवीही आली.

बंदरातून बाहेर पडून समुद्र उजव्या हाताला ठेवत चालत गेलं, की वीस-पंचवीस मिनिटांत गावाचं काळीज येतं. कॉन्स्टिट्यूशन नदीच्या मुखाशी असलेल्या या खाडीला केरिनेज म्हणतात. शिडांच्या जहाजांना इथे एका अंगावर कलवून त्यांच्या बुडाला चिकटलेले शंखशिंपले खरवडले जात. आता तिथे सहलीच्या बोटी उभ्या असतात. १६२८ मध्ये इंग्रज इथे वसले तेव्हा या जागी मूळ रहिवाशांनी बांधलेला एक साधा पूल होता, आणि त्यावरूनच गाव ओळखलं जाऊ लागलं. रस्ते आखीव नाहीत. ते वळणावळणांनी जातात, कारण वसाहतीच्या पहिल्या दिवसांत गाव जसं वाढलं तसेच ते राहिले. ब्रिजटाउन आणि त्याच्या दक्षिणेची गॅरिसन ही जुनी लष्करी वसाहत मिळून २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात या वेड्यावाकड्या रस्त्यांचाही वाटा आहे.

खाडीच्या उत्तरेला पोवळ्यांच्या चुनखडकातल्या संसदेच्या दोन इमारती आहेत. इमारती १८७० च्या दशकातल्या, पण इथली विधानसभा १६३९ पासूनची. समोरच्या चौकात १८१३ मध्ये ॲडमिरल नेल्सनचा पुतळा बसवला गेला, लंडनच्या प्रसिद्ध नेल्सन स्तंभाच्या तब्बल तीस वर्षं आधी. या चौकाला ट्रफाल्गर स्क्वेअर म्हणत. १९९९ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय वीरांचा चौक असं झालं आणि १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुतळा उतरवला गेला. वर्षभरानं, ३० नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे, याच चौकात ब्रिटनच्या राणीची सत्ता औपचारिकपणे संपली. बार्बाडोस प्रजासत्ताक झालं, सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि याच बेटावर वाढलेली गायिका रिहाना राष्ट्रीय वीर म्हणून जाहीर झाली.

चौकापासून काही मिनिटांवर निधे इस्राएल हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. ते मुळात १६५४ चं. ब्राझीलमधलं रेसिफे हे शहर डचांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेलं तेव्हा तिथून बाहेर पडलेले ज्यू कॅरिबियनमध्ये पसरले, त्यातले काही इथे आले. १८३१ च्या चक्रीवादळात इमारत कोसळली, १८३३ मध्ये पुन्हा उभी राहिली. पुढे समाज आटला आणि १९२९ मध्ये ती विकलीही गेली. १९८० च्या दशकात तिचा जीर्णोद्धार झाला. २००८ मध्ये आवारात खोदकाम करताना जमिनीखाली दगडी पायऱ्या आणि जिवंत झऱ्याचं पाणी असलेलं सतराव्या शतकातलं स्नानकुंड सापडलं. आजही वरून डोकावलं की पायऱ्यांच्या तळाशी स्वच्छ पाणी दिसतं.

ब्राझीलहून आलेलं उसाचं ज्ञान या बेटाचं नशीब बदलून गेलं. १६४० च्या दशकात इथे ऊस रुजला आणि काही वर्षांतच जंगल तोडून बेटाचा बहुतेक भाग उसाखाली आला. मजूर म्हणून आफ्रिकेतून माणसं पकडून आणली गेली. १६६१ मध्ये इथल्या विधानसभेनं गुलामांसंबंधी सविस्तर कायदा केला. माणसाला मालमत्ता ठरवणाऱ्या या कायद्याचा नमुना पुढे जमैकानं आणि अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनानं उचलला. साखर गाळून उरणाऱ्या मळीपासून रम होऊ लागली. माउंट गे या रमच्या कारखान्याचा पुरावा १७०३ च्या दस्तात सापडतो. ब्रिजटाउनच्या टुमदार दगडी इमारतींमधला पैसा कुठून आला हे ठाऊक असलं, की गाव वेगळं दिसतं. एप्रिल १८१६ मध्ये बुसा या गुलामाच्या नेतृत्वाखाली इथे मोठा उठाव झाला आणि तो चिरडला गेला. गावाबाहेरच्या महामार्गावर १९८५ मध्ये उभारलेला, तुटलेल्या बेड्या हातात धरलेला पुतळा लोक बुसाचाच मानतात.

या इतिहासाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे ‘चॅटल हाउस’ नावाची लाकडी घरं. गावाच्या कडेला, बसच्या रस्त्यावर ती अजून दिसतात. दर्शनी बाजूला मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, उभ्या उताराचं छप्पर, खिडक्यांवर लाकडी झडपा आणि भडक पण देखणे रंग. घराखाली पाया नाही. ते सुट्या दगडांच्या रचलेल्या थरांवर ठेवलेलं असतं. १८३४ मध्ये गुलामी कायद्यानं संपली, त्यानंतरची चार वर्षं सक्तीच्या उमेदवारीत गेली आणि १८३८ मध्ये माणसं खरोखर मोकळी झाली. पण जमीन सगळी मळेवाल्यांची. मजुराला मळ्यावरच भाड्याच्या तुकड्यावर राहावं लागे आणि मालकाशी बिनसलं की जागा सोडावी लागे. म्हणून घर असं बांधायचं, की भिंतींचे तक्ते सुटे करून गाडीवर लादता यावेत आणि दुसरीकडे पुन्हा उभे करता यावेत. जमीन परक्याची, घर मात्र स्वतःचं. पुढे कमाई वाढली, की मागे आणखी एक खोली जोडायची. आज अनेक घरांना सिमेंटचा पाया आला आहे, पुढचा भाग मात्र तसाच लाकडी राखलेला दिसतो.

मजूर असे जागेवरच बांधले गेल्यामुळे इथे त्रिनिदाद किंवा गयानासारखे भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणण्याची गरज मळेवाल्यांना पडली नाही. भारतीय माणूस बार्बाडोसला आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आधी बंगालमधून आणि मग गुजरातमधून, कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार उधारीवर विक्री करणारा फेरीवाला म्हणून. त्यांच्यापैकी अनेकांच्या पुढच्या पिढ्या इथे दुकानदारीत स्थिरावल्या.

मराठी वाचकाला मात्र ब्रिजटाउन आधीपासून ओळखीचं आहे, ते केन्सिंग्टन ओव्हलमुळे. हे मैदान बंदरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९६२ च्या दौऱ्यात इथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला तडा गेला. रक्त देणाऱ्यांत पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांच्याबरोबर वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल हाही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वॉरेलच्या आठवणीत बंगालची क्रिकेट संघटना आजही दरवर्षी ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर घेते.

नऊ वर्षांनी, १९७१ मध्ये, अजित वाडेकरांचा संघ याच मैदानावर चौथी कसोटी खेळला. मालिकेत भारत १-० नं पुढे होता. ब्रिजटाउनचाच सुपुत्र गॅरी सोबर्स नाबाद १७८ धावा करून गेला. उत्तरादाखल मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात सुनील गावसकरांनी नाबाद ११७ धावा करून सामना वाचवला. त्या मालिकेत गावसकरांच्या ७७४ आणि सरदेसाईंच्या ६४२ धावा झाल्या, आणि भारतानं वेस्ट इंडिजला प्रथमच मालिकेत हरवलं. १९९७ मध्ये याच खेळपट्टीवर सचिन तेंडुलकरच्या संघाला जिंकायला फक्त १२० धावा हव्या होत्या आणि तो ८१ वर गारद झाला. ती सल भरून निघाली २९ जून २०२४ ला. रोहित शर्माच्या संघानं ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवलं. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवनं सीमारेषेवर चेंडू आत फेकून, बाहेर जाऊन, परत येत घेतलेला झेल याच मैदानावरचा. विजयानंतर बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाला आणि संघ बेटावरच अडकला. ४ जुलैला तो भारतात पोहोचला आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. बेरिलनं इथल्या मच्छीमारांच्या बोटींची मात्र मोठी नासधूस केली होती.

दुपारी भूक लागली, की बंदरातल्या उपाहारगृहांपेक्षा गावातला साधा ठेला बरा. इथला हमखास खाऊ म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचे तळलेले छोटे वडे. हा मासा दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रातला. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायचं म्हणून तो खारवून आणला जाई, आणि पुढे तोच घराघरांतल्या चवीचा झाला. गोल पावात दोन वडे घालून मागायचे तर ‘ब्रेड अँड टू’ म्हणायचं. वरून पिवळी झणझणीत चटणी: मिरची, कांदा, मोहरी आणि हळद. पोटभर जेवायचं असेल तर राष्ट्रीय पक्वान्न आहे ‘कू-कू’ आणि उडता मासा. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात चपट्या लाकडी दांड्यानं सतत घोटत शिजवतात. गुठळी राहिली की फसलं. तयार झालेलं कू-कू आपल्या तांदळाच्या उकडीसारखं मऊ आणि गुळगुळीत असतं. त्यावर टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यात वाफवलेला मासा. हा उडता मासा बार्बाडोसच्या एक डॉलरच्या नाण्यावरही आहे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा भाव १९७५ पासून बांधलेला असल्यानं हिशेब सोपा जातो.

जेवणानंतर समुद्र. केरिनेज ओलांडून दक्षिणेला चालत गेलं, की कार्लाइल उपसागराचा पांढऱ्या वाळूचा किनारा लागतो. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे कुठल्याही हॉटेलासमोर पाण्यात उतरायला हरकत नाही. इथे उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आहेत. त्यातली ‘बर्विन’ ही फ्रेंच टगबोट १९१९ पासून तळाशी आहे आणि तिच्यावर पोवळी वाढली आहेत. हिरवी आणि चोचवाली समुद्री कासवंही इथे फिरतात. काठावर ज्या झाडाच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असेल त्याच्यापासून मात्र लांब राहावं. ते मँचिनील. त्याचं छोटं हिरवं फळ विषारी, आणि पावसात झाडावरून गळणाऱ्या पाण्यानंही अंगावर फोड येतात.

गाव आधी पाहिलेलं असेल, किंवा निसर्गाचीच ओढ असेल, तर सकाळीच पूर्व किनारा गाठावा. शेजारची बहुतेक बेटं ज्वालामुखीतून वर आली. बार्बाडोस तसं नाही. अटलांटिकचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना त्यावरचा गाळ खरवडला जाऊन त्याची रास झाली, तिच्यावर पोवळ्यांनी थर चढवले आणि सगळं हळूहळू समुद्राबाहेर उचललं गेलं. बेटाचा सुमारे ८५ टक्के भाग या पोवळ्यांच्या चुनखडकानं झाकलेला आहे. पावसाचं पाणी त्यात झिरपतं, म्हणून मोठ्या नद्या नाहीत. भूगर्भात गुहा मात्र आहेत. १९८१ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या हॅरिसन गुहेत ट्रामनं जाता येतं. ईशान्येकडे पोवळ्यांचं हे कवच झिजून गेलं आहे. बाथशिबाच्या किनाऱ्यावर प्रचंड खडक खालून लाटांनी कातरलेले, वरून रुंद असे उभे आहेत. मध्ये थेट आफ्रिकेपर्यंत जमीन नसल्यानं लाटा जोरकस येतात. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांसाठी ही जगप्रसिद्ध जागा, पोहायला मात्र धोक्याची. सार्वजनिक बसला कितीही लांब गेलं तरी साडेतीन बार्बाडोस डॉलर पडतात. परतीच्या बसचा भरवसा कमी वाटला तर टॅक्सीचं भाडं बसण्याआधीच ठरवून घ्यावं, कारण इथे मीटर नसतात.

जहाजातून उतरणाऱ्यांत प्रवाशांखेरीज आणखी एक वर्ग असतो. गोवा, सिंधुदुर्ग आणि मुंबईची कितीतरी मुलं क्रूझवर स्वयंपाकघरात, खोल्यांच्या सफाईत, इंजिनात काम करतात. सहा-नऊ महिन्यांचा करार असतो. बंदराच्या दिवशीही सुरक्षेसाठी ठरावीक कर्मचाऱ्यांना जहाजावर थांबावंच लागतं, त्यामुळे पाळी आली तर दोन-तीन तास मिळतात. ते बहुतेक वेळा वायफायच्या आसपास जातात, कारण ब्रिजटाउनमध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात तेव्हा गोव्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि घरचे झोपायच्या आत बोलून घ्यायचं असतं.

क्रूझ कंपन्या आता स्वतःचे खासगी किनारे उभारत आहेत. रॉयल कॅरिबियननं २०१९ मध्ये बहामातलं कोकोके बेट नव्यानं सजवलं, कार्निव्हलनं जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर सेलिब्रेशन की उघडलं. तिथे धक्का, किनारा, खानपान सगळं कंपनीच्या हाती असतं. म्हणजे बंदराच्या दिवशी होणारा खर्चही बराचसा कंपनीकडेच परततो. ब्रिजटाउनसारख्या खऱ्याखुऱ्या गावाला या किनाऱ्यांशी स्पर्धा करावी लागते आहे. त्यातच मेपासून जहाजं अलास्का आणि युरोपकडे वळतात, आणि जूनपासून वादळांचा मोसम सुरू होतो. हिवाळ्यातल्या कमाईवर टॅक्सीवाल्याला आणि वडे तळणाऱ्या बाईला वर्ष काढावं लागतं. म्हणून गावात केलेला खर्च थेट गावाच्या उपयोगी पडतो. परतीच्या वाटेवर, बंदर आणि गाव यांच्या मध्ये, पेलिकन व्हिलेज ही कारागिरांची वसाहत आहे. मातीची भांडी, महोगनी लाकडातल्या वस्तू, चामड्याच्या पिशव्या तिथे बनवणाऱ्यांकडूनच घेता येतात. जहाजाच्या घड्याळाप्रमाणे परतायच्या वेळेआधी तासभर तिथे पोहोचावं, म्हणजे खरेदीही निवांत होते आणि बंदराच्या फाटकावर पळापळ होत नाही.